फणेरपेटीत मावेल एवढेच

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

साताऱ्या-सांगलीकडच्या जुन्या घरांतून पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत एक लाकडी पेटी हमखास दिसायची. दीड वीत लांब, वीतभर रुंद. तिला कोणी फणेरपेटी म्हणे, कोणी ऐनेपेटी, तर कोणी नुसतेच फणी-करंडा. झाकण उघडून मागे टेकवले, की आत बसवलेला आरसा समोर येई. खालच्या कप्प्यांत एक लाकडी फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, काजळाची डबी, वेणीला बांधायचे आगवळ. आधी बोटाने कपाळावर मेण लावायचे आणि त्यावर कुंकू टेकवायचे, म्हणजे घामाने ते ओघळत नसे. एका बाईच्या रोजच्या प्रसाधनाचा संसार एवढाच, आणि तो उरकायला पाच मिनिटे पुरत.

आज त्याच घरातल्या नातीच्या फळीवर फेसवॉश असतो, टोनर असतो, सीरम असते, दिवसाचे क्रीम वेगळे, रात्रीचे वेगळे, डोळ्यांखाली लावायचे आणखी वेगळे. आणि गंमत पाहा, हे सगळे वापरून चेहरा चुरचुरायला लागला म्हणून ती त्वचारोगतज्ज्ञाकडे जाते, तेव्हा डॉक्टर म्हणतात, सगळे बंद करा, दोन-तीन गोष्टी ठेवा. पेटीतून फळीपर्यंतचा हा प्रवास आपल्या कृष्णाकाठी कसा झाला, हे आज बघू.

पेटीत तोंडाला लावायचे जवळजवळ काहीच नव्हते, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. ते सामान असायचे स्वयंपाकघरात आणि न्हाणीत. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, दुधावरची साय, शिकेकाई, रिठे, खोबरेल, घासायला वजरी. घाटाखालून कोकमतेलाचा पांढरा गोळा यायचा. कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, चढून आले की कऱ्हाड, त्यामुळे कोकणातला हा माल आपल्याकडच्या बाजारांना नवा नव्हता. थंडीत टाचांना भेगा पडल्या की तो गोळा दिव्यावर धरायचा आणि वितळलेला थेंब भेगेत सोडायचा.

हे सामान आपण सगळे ओळखतो. ‘आजीचा बटवा’ म्हणून त्याचे गोडवेही पुष्कळ गाऊन झाले. परंतु मला त्या बटव्यातल्या जिनसांपेक्षा त्यांचे वेळापत्रक महत्त्वाचे वाटते. कोणती गोष्ट कधी लावायची, याचे तीन ठरलेले वार होते. रोज लागायचे ते पाणी, आणि थंडीत बोटभर तेल. आठवड्यातून एकदा न्हाण्याची शिकेकाई. आणि उटणे? ते वर्षातून एकदा, दिवाळीत. आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, गुलाबपाकळी हे सगळे कुटून केलेले ते सुगंधी प्रकरण नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला लागायचे आणि पुन्हा वर्षभर त्याची आठवण नसे. अंगभर हळद लागायची ती लग्नात. म्हणजे रोजचे, आठवड्याचे आणि सणाचे यांची सरमिसळ होत नव्हती. पुढे बाजाराने काय केले असेल, तर सणाचे आणि औषधाचे सामान रोजच्या फळीवर आणून ठेवले.

आता हळदीचेच घ्या. सांगलीत बसून हळदीवर बोलायचे नाही म्हणजे कोल्हापुरात बसून गुळावर न बोलण्यासारखे आहे. कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात त्या हरिपूरच्या मातीत हळद साठवायची पेवे आहेत. जमिनीत खोल खणलेले, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असे हे खड्डे. काहिलीत शिजवून वाळवलेले हळकुंड त्यात भरून तोंड बंद केले, की माल वर्षानुवर्षे किडीवाचून राहायचा. पेव उघडल्यावर आतली कोंदलेली हवा निघून जाईपर्यंत माणूस खाली उतरत नसे. २००५ च्या महापुरात या पेवांत पाणी शिरले, बराच माल खराब झाला, आणि व्यापार मोठ्या प्रमाणात गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळला. राजापुरी हळदीचे सौदे मात्र सांगलीत आजही होतात. २०१८ मध्ये ‘सांगली हळद’ या नावाला भौगोलिक निर्देशांकही मिळाला.

एवढी हळद जिथे पिकते आणि विकली जाते, तिथल्या बायका रोज तोंडाला हळद फासत असतील असे बाहेरच्यांना वाटते. तसे नव्हते. हळदीने चेहरा पिवळा पडतो आणि तो रंग लुगड्याला लागतो. रोज कामाला जाणाऱ्या बाईला हे परवडणारे नव्हते. हळदीची अंगावरची कामे ठरलेली होती. कापले की चिमूटभर जखमेवर. लग्नात नवरा-नवरीला, आणि उष्टी हळद करवल्यांना. कऱ्हाडजवळच्या पालीला पौषातल्या यात्रेत खंडोबा-म्हाळसेच्या लग्नाला भंडारा उधळला जातो, तेव्हा देवळापासून नदीच्या वाळवंटापर्यंत माणसे पिवळी होतात. पण तो एक दिवस. बाकी वर्षभर बाईच्या कपाळावर हळद असे ती कुंकवाच्या रूपात. जुने कुंकू म्हणजे हळदच. हळकुंडांवर लिंबाचा रस, टाकणखार आणि तुरटी यांची क्रिया केली की पिवळ्याचे लाल होते. टाकणखाराने हळद लाल होते ही गंमत शाळेच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनीच पाहिलेली असते.

हळद जखमेवर लावतात ही गोष्ट कोणाला सांगायला लागेल असे आपल्याला स्वप्नातही वाटले नव्हते. परंतु मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला नेमके त्याचेच पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवून ते आव्हानले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. आनंदाचीच गोष्ट. फक्त एक लक्षात ठेवू. या लढाईत सिद्ध झाले ते एवढेच, की हा उपयोग आपल्याकडे आधीपासून माहीत होता. हळदीने चेहरा गोरा होतो, असे काही त्यात सिद्ध झाले नाही. त्या विजयाचा दाखला देऊन पुढे काय काय विकले गेले, हे पाहिले म्हणजे हा फरक सांगावासा वाटतो.

बायकांचे बोललो, आता पुरुषांकडे येऊ. त्यांना पेटी नव्हती, पण तालीम होती. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले. सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने १९६४ मध्ये हिंदकेसरी झाले. ही पिढी ज्या मातीत घडली, ती मुद्दाम तयार केलेली माती होती. हौदातली तांबडी माती चाळून घ्यायची, तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबाचा रस, काव, कापूर घालायचा आणि ती मळून मऊ करायची. रोज पंचवीस-तीस पोरे एकमेकांच्या अंगाला अंग घासणार, खरचटणार, घाम गाळणार. नायटा, खरूज, पुळ्या पसरायला याहून सोयीची जागा कोणती? म्हणून हा खटाटोप. वस्ताद मंडळींनी त्वचेचे शास्त्र शिकलेले नव्हते, पण मातीकडे दुर्लक्ष झाले की पोरांच्या अंगावर काय उठते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

हे सगळे ऐकताना पूर्वीचे किती छान होते, असे वाटू लागते. म्हणून फणेरपेटीची दुसरी बाजूही पाहायला हवी. ती लहान होती, याला समजूतदारपणा हे एकच कारण नव्हते. माण-खटावला, जत-आटपाडीला उन्हाळ्यात पिण्याचे पाणी मैलावरून डोक्यावर आणावे लागे, तिथे रोजच्या आंघोळीचीच पंचाईत होती. खोबरेल विकत घ्यायला पैसे लागत. दुधावरची साय तोंडाला लावायला आधी घरात दूध हवे, आणि ते पोरांच्या तोंडात पडून उरायला हवे. अनेक घरांत पेटी रिकामीच असे.

आणि काही जणींची पेटी काढून घेतली जाई. नवरा गेला, की कुंकू पुसले, बांगड्या फुटल्या, उच्चवर्णीय घरांत तर केसही गेले. मग आरसा कशाला आणि करंडा कशाला? हळदीकुंकवाला तिला बोलावणे नसे. हळद पिकवणाऱ्या, शिजवणाऱ्या, निवडणाऱ्या हातांतही अशा बायका असणारच, पण त्यांना ती कपाळाला चालत नव्हती. ही गोष्ट फार जुनी समजू नका. सांगलीपासून जवळच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांच्या या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य सरकारने सर्व ग्रामपंचायतींना तसे करण्याचे परिपत्रक काढले. ठराव करावा लागला, याचाच अर्थ तोवर हे सगळे चालू होते. म्हणून प्रसाधनातला साधेपणा ज्याने त्याने आपणहून पत्करलेला असेल तरच त्याला मोल आहे, असे मला वाटते.

आता पेटीबाहेरच्या वस्तू कशा आल्या ते पाहू. पहिला आला साबण. लाइफबॉय १८९५ मध्ये मुंबईच्या बंदरात उतरला. आपल्याकडच्या खेड्यांत पोहोचायला त्याला बराच वेळ लागला, आणि पोहोचल्यावरही अडचण होतीच. पूर्व भागातल्या विहिरींचे पाणी जड. त्यात साबणाला फेस यायचा नाही, उलट अंगावर पांढरट चिकटा राहायचा. त्यामुळे साबण पाहुण्यांसाठी राखून ठेवणारी घरे होती. त्यानंतर आला स्नो. मुंबईच्या इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी १९१९ मध्ये काढलेला ‘अफगाण स्नो’ हा त्यातला सर्वांत गाजलेला. तोंडावर चोळला की दिसेनासा होई, तेलासारखा चमकत नसे. नवलाई तीच होती.

हे नवे सामान आपल्या भागात माहीत झाले ते बरेचसे छापील पानांमधून, आणि ती पाने आपल्याच भागात छापली जात होती! लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावहून कारखाना हलवावा लागला, तेव्हा १९१० मध्ये औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडलजवळचा माळ दिला. निवडुंगाच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथूनच १९२० मध्ये ‘किर्लोस्कर’ मासिक आणि १९३० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ सुरू केले. ‘स्त्री’ने बायकांच्या शिक्षणावर, लग्नाच्या वयावर, विधवांच्या प्रश्नावर जे लिहिले त्याचा इतिहास वेगळा आणि मोठा आहे. पण त्या काळातल्या मासिकांतून लेखांच्या शेजारी साबण, स्नो आणि केशतेलाच्या जाहिरातीही असत. शिकलेली, बाहेर पडणारी बाई आणि स्नो यांची जोडी जमली ती तिथे. १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत पहिली हिंदुस्थानी नटी झळकली ती लीला चिटणीस, म्हणजे मराठी आणि तीही पदवीधर. ‘स्नो-पावडर करून हिंडणारी’ हा शब्दप्रयोग शिवीसारखा वापरला जाऊ लागला, त्यामागे पावडरीपेक्षा हिंडण्यावरचाच राग अधिक होता. विधवेची पेटी काढून घेणाऱ्या समाजात एखाद्या शिक्षिकेने स्वतःच्या पगारातून स्नोची बाटली आणली, तर त्या बाटलीला मी चैन म्हणणार नाही.

त्याच वेळी कारखान्याला जमीन देणारे औंधचे राजेसाहेब भलताच मार्ग सांगत होते. रोज सूर्यनमस्कार घाला, बाकी काही नको. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले होते. १९३६ मध्ये ते विलायतेला गेले, तेव्हा ‘न्यूज क्रॉनिकल’ या दैनिकाच्या लुईस मॉर्गन यांना त्यांच्या तब्येतीचे असे काही नवल वाटले, की त्यांनी त्यावर वर्तमानपत्रात लिहिले आणि पुढे १९३८ मध्ये राजेसाहेबांचे ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक लंडनमध्ये निघाले. क्रीमच्या कारखान्यांच्या देशात औंधच्या राजाने बिनखर्चाचा तजेला विकावा, ही मला त्या काळातली फार मजेदार घटना वाटते. अर्थात उन्हात शेत खुरपणाऱ्या बाईला आणखी वेगळे नमस्कार घालायला सांगणे कितपत शहाणपणाचे, हा प्रश्न आहेच.

खरा बदल झाला तो १९७५ नंतर. त्या एकाच वर्षी बाजारात दोन ट्यूब आल्या. एक केशव विष्णू पेंढरकर यांनी उभ्या केलेल्या विको कंपनीची हळदीची क्रीम, आणि दुसरी हिंदुस्थान लिव्हरची ‘फेअर अँड लव्हली’. पहिलीत हळद होती, पण तोंड पिवळे करणारी नव्हती. या क्रीमवरून एक खटला उभा राहिला आणि तो पंचवीसेक वर्षे चालला. अबकारी खात्याचे म्हणणे, हे सौंदर्यप्रसाधन, म्हणून कर जास्त. कंपनीचे म्हणणे, हे आयुर्वेदिक औषध. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकाल कंपनीच्या बाजूने लागला. कराचा भाग सोडून द्या, पण चेहऱ्यावरची हळद औषध की शृंगार, हा प्रश्न आपल्या आज्यांना कधी पडला नव्हता, कारण त्यांच्याकडे जखमेचा दिवस वेगळा आणि हळदीचा दिवस वेगळा होता. ट्यूबने दोन्ही दिवस रोज सकाळी आणून ठेवले.

दुसऱ्या ट्यूबने त्वचेला रोग नसताना रोगी ठरवले. सावळेपणा हे दुखणे आणि गोरेपणा हा उतारा. उन्हातान्हात राबणाऱ्या मुलखात हे सांगितले गेले आणि पटलेही, कारण ‘मुलगी गोरी आहे ना?’ हा प्रश्न जाहिरातीच्या आधीपासूनच आपल्या बैठकीत विचारला जात होता. पुढे शाम्पू आणि क्रीमच्या रुपया-दोन रुपयांच्या पुड्या आल्या आणि आठवडी बाजारात केळी-वांग्यांशेजारी लटकू लागल्या. ‘फेअर’ हा शब्द त्या नावातून गेला तो २०२० मध्ये, पंचेचाळीस वर्षांनी.

तोवर प्रकरण ट्यूबपुढे गेले होते. औषधाच्या दुकानात चिठ्ठीवाचून मिळणारी स्टेरॉइडची मलमे लोक गोरे होण्यासाठी लावू लागले. आठ दिवस चेहरा खरेच उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, मुरूम येतात, मिशीच्या जागी केस येतात, आणि मलम थांबवले तर आग होते म्हणून पुन्हा तेच लावले जाते. त्वचारोगतज्ज्ञांनी बरीच वर्षे ओरड केल्यावर २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकायला मनाई केली. पाऱ्याचे तर आणखी भयंकर. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडांना झालेली इजा स्थानिक पातळीवर तयार केलेल्या क्रीममधल्या पाऱ्यामुळे झाल्याची बातमी सगळ्यांनी वाचली असेल. कपाळावरचे कुंकू जाऊन टिकली आली, तिच्यातही धोका निघाला. काही टिकल्यांमागच्या चिकट द्रव्यातले रसायन त्वचेतला रंग मारते आणि टिकलीच्या जागी पांढरा डाग राहतो. असा डाग दिसला तर टिकली लगेच बंद करून डॉक्टरांना दाखवावे.

मग रोज लागते तरी काय? डॉक्टर सांगतात त्या तीन गोष्टी. तोंड धुवायला सौम्य काहीतरी. नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो, आपली त्वचा किंचित आम्ल, म्हणून साबणाने ती ओढली जाते. दुसरे, धुतल्यावर कातडी ओलसर असतानाच लावायचे स्निग्ध काहीतरी. साधे मॉइश्चरायझर, हातापायांना व्हॅसलीन किंवा आपले खोबरेलही चालते, मात्र मुरुमे येणाऱ्या चेहऱ्यावर तेल नको. तिसरे ऊन अडवणारे मलम, निदान ३० एसपीएफचे, आणि दिवसभर बाहेर राहणार असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. बाकी जे काही, ते तक्रार असेल तेव्हा आणि तेवढ्यापुरते. बटव्यातल्या एका गोष्टीला मात्र चेहऱ्यावरून रजा द्यायला हवी, ती म्हणजे लिंबू. लिंबाचा रस लावून उन्हात गेले तर त्वचा अक्षरशः भाजते आणि काळा डाग महिनोन्‌महिने राहतो.

पहिल्या दोन गोष्टींना जुन्या घरात पर्याय होता, डाळीचे पीठ आणि तेल. तिसऱ्याला ना पेटीत होता, ना न्हाणीत. हळद ऊन अडवत नाही, साय अडवत नाही. पदर होता, पण कमरेत वाकून काम करताना तो डोक्यावर राहत नाही. यावरचा उपाय आपल्या भागातल्या बायकांनी स्वतःच काढला, आणि त्याची नोंद कुठल्या सौंदर्याच्या सदरात मी कधी वाचलेली नाही. एप्रिलमध्ये तासगावकडे द्राक्षाच्या बागांत खरडछाटणी चालते, तेव्हा कधी रस्त्याने जाताना बघा. साडीवर नवऱ्याचा किंवा थोरल्या मुलाचा पूर्ण बाह्यांचा सदरा, मनगटापर्यंत गुंड्या लावलेला, गळ्याशी बंद. डोक्याला टॉवेल किंवा ओढणी, कपाळ झाकून मागे गाठ मारलेली. फक्त डोळे आणि नाक उघडे. हाच सदरा उसात पाचटीची कुसळे अंगात शिरू देत नाही आणि बागेत औषध फवारले असेल तर पानांवरचे ते अंगाला लागू देत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर तो आधी उतरवून खुंटीला लावायचा, मग चुलीवरचे पाणी काढून हातपाय धुवायचे, आणि तव्यावर भाकरी पडायच्या आत कोपरापर्यंत बोटभर तेल.